अकरावी मात्रा

मराठी संगीताचे दोन कालखंड पडतात: 'अनंताचा आलेख' या ध्वनिमुद्रिकेच्या आधीचा आणि तिच्या नंतरचा. हे वाक्य वसंत टेंबे यांनी स्वतः रचून, खाली 'एक रसिक' अशी सही ठोकून, रेकॉर्डच्या पाकिटावर मागच्या बाजूला छापून घेतलं होतं. रेकॉर्ड बाजारात आली त्याच सकाळी त्यांच्या घराच्या जिन्याची अकरावी पायरी नाहीशी झाली.

मोडली नव्हती, कुणी उचकटून नेली नव्हती. दहावीनंतर बारावी होती आणि मध्ये पायरीएवढी हवा. टेंबे दूध आणायला निघाले आणि तिथे आपटले. त्यांच्या पत्नी मंदाताई वरून म्हणाल्या, "अहो, पाय जरा उचलून टाका की." त्या स्वतः पहाटेपासून तसंच करत होत्या.

टेंब्यांना कारण ठाऊक होतं. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं.

त्याचं असं झालं होतं. टेंबे सांगलीतल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात ऑर्गन वाजवत. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे ज्यात गाणं संपवायची घाई कुणालाच नसते, ते मराठीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं. गाणं एकच, बावीस मिनिटांचं, अकरा मात्रांचं. गिटारवर आणि बेस गिटारवर त्यांचे दोन माजी विद्यार्थी. ड्रमवर मात्र लग्नाच्या बँडमधला हणमंत अवघडे, कारण बावीस मिनिटं न चुकता अकरा मोजणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडला नाही. आवाज घुमावा म्हणून हरिपूरचं एक रिकामं पेव मिळवलं. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठी. चौघंही तिथून नवरदेवासारखे पिवळे होऊन बाहेर आले.

सतराव्या मिनिटाला टेंबे दोन्ही हात आणि एक कोपर ऑर्गनवर टेकवून, डोळे मिटून, एक मात्रा आधीच समेवर पोचले, आणि दोघं विद्यार्थी सवयीनं त्यांच्या मागोमाग. हणमंतनं अकराच्या अकरा वाजवल्या.

"कुणाची चुकली ही?" ध्वनिमुद्रण करणाऱ्या निंबाळकरांनी फीत थांबवून विचारलं.

"हणमंतची," टेंबे म्हणाले.

हणमंत शेजारीच उभा होता. "मला मोजता येतंय, मास्तर," तो म्हणाला. एवढं बोलून कानातली हळद काढत बसला.

ड्रमची फीत वेगळी होती. निंबाळकरांनी तिच्यातून ती एक मात्रा ब्लेडनं कापली आणि पुढचं सगळं जुळलं. वीतभर तपकिरी तुकडा खाली पडला. तो टेंब्यांनी उचलून खिशात घातला. मग, मात्रा गेलीच आहे तर, म्हणून पाकिटावरून हणमंतचं नावही काढलं.

रेकॉर्ड लोकांना फार आवडली. त्यातल्या त्यात सतराव्या मिनिटाची गाळलेली मात्रा. एका साप्ताहिकानं लिहिलं की या पोकळीत आधुनिक माणसाचं रितेपण साठलं आहे. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या जिन्यांच्या अकराव्या पायऱ्या गेल्या. दहा एकोणसाठनंतर घड्याळात बारा वाजू लागले. दहावी पास झालेली मुलं थेट बारावीत बसली आणि पालकांनी पेढे वाटले. दशमीनंतर द्वादशी आली. मंदाताई भिजवलेल्या साबुदाण्याकडे बघत म्हणाल्या, "आता याचं काय करू? उद्या टिकायचा नाही."

तक्रार कुणीच केली नाही. लोक जिन्यात दहाव्या पायरीवर आले की शांतपणे पाय जरा जास्त उचलत, आणि खालून टेंबे जात असले तर वरूनच नमस्कार करत. म्हाताऱ्यांना नातवंडं हाताला धरून ती जागा ओलांडायला शिकवत. टेंबे रस्त्यानं मान खाली घालून चालू लागले. लोकांना तो विनय वाटला.

मग सत्कार झाला. प्रवेशद्वारावर स्वागताला आयोजकांनी बँड सांगितला होता, तो हणमंतचाच निघाला. हणमंत टेंब्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत वाजवत राहिला. टेंब्यांनी चालता चालता मोजलं. अकरा होत्या.

व्यासपीठावर टेंब्यांची खुर्ची अकरावी होती, त्यामुळे पूर्ण कार्यक्रम ते बसल्यासारखे उभे राहिले.

"ती मात्रा गाळायचं धाडस तुम्हाला सुचलं कसं?" अध्यक्षांनी विचारलं.

"चिंतनातून," टेंबे म्हणाले.

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी एकदम, बरोब्बर दहा. मग सगळे हात हवेत थांबले आणि टेंब्यांना आपल्या खिशातली मात्रा ऐकू आली. एकदाच. शर्टाच्या आतून कुणी बोटानं ठोकावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हणमंतच्या घरी गेले.

अंगणात गावातल्या सगळ्या अकराव्या पायऱ्या येऊन पडल्या होत्या. कडाप्प्याच्या, सागाच्या, सिमेंटच्या, कॉलेजची एक, पोस्टाची एक. हणमंतनं त्या एकावर एक नीट रचल्या होत्या, त्यांचा उंच जिना झाला होता. ओसरीवर दोन एकादश्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, उपाशी. जिन्याच्या टोकाला हणमंत बँडचा लाल कोट घालून, मांडीवर ड्रम घेऊन दोऱ्या आवळत होता.

टेंबे चढले. दहा पायऱ्या चढून अकरावीवर पाय ठेवला, तर ती त्यांचीच होती. मंदाताईंनी दिवाळीत गेरूनं काढलेली वेल अजून तिच्यावर होती.

"या मास्तर," हणमंत म्हणाला. "च्या घेणार?"

टेंब्यांनी खिशातून फितीचा तुकडा काढून तळहातावर ठेवला. काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर घोकलं होतं.

"हणमंत, त्या दिवशी पेवात मोजताना जी एक मात्रा चुकली, ती होती."

टेंबे थबकले. दहाव्या शब्दानंतर जीभ हवेत पडली होती. 'माझी' हा शब्द त्यांनी म्हटला होता, पण तो बाहेर आला नव्हता.

"व्हती की," हणमंत म्हणाला.

टेंब्यांनी घाम पुसला. "हणमंत, तुझा ताल बरोबर होता, सगळा दोष त्या वेळी निव्वळ होता."

"आसंल," हणमंत म्हणाला आणि दोरी आवळली.

दोन शब्दांत हे सांगता आलं असतं. पण टेंब्यांना आयुष्यात दोन शब्दांत काही सांगता आलं नव्हतं, बावीस मिनिटांचं गाणं काही उगीच झालं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. खाली रस्त्यावर माणसं जमली होती आणि मास्तर एवढ्या उंच चढले म्हणून कौतुकानं बघत होती. तळहातावर फितीचा तुकडा हळूच वळवळला. हणमंतच्या घरात, आणि साऱ्या गावात फक्त तिथंच, अकराचे ठोके पडू लागले.

टेंब्यांनी मोठा श्वास घेतला. "हणमंत, मूळ मुद्दा असा आहे की एकंदरीत विचार करता..."

हणमंतनं ड्रम गळ्यात अडकवला आणि उठला.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा थोडक्यात सांगता का? अकराला अक्षता हाईत."