शांत माणसांचा तालुका

नईमने खड्ड्यापाशी गाडीचा वेग कमी केला, तसा मागच्या सीटवरच्या वेदिकामॅडमनी मांडीवरचा कागद पुन्हा उघडला. शेजारच्या परदेशी साहेबाच्या कंपनीला कारखाना टाकायचा होता. सिन्नरला की गुजरातेत, एवढंच ठरायचं राहिलं होतं. रस्ता, पाणी, वीज यांना गुण देऊन झाले होते. एकच रकाना रिकामा होता.

“काका, इथे कामगार संप वगैरे करतात का हो?”

असले प्रश्न बडे लोक कलेक्टरला विचारत नाहीत, ड्रायव्हरला विचारतात. नईमच्या डोळ्यांपुढे त्याची मेहविश आली. डिप्लोमा करून पोरगी दोन वर्षं घरात बसली होती.

“छे हो मॅडम! इथली माणसं म्हणजे गरीब गाय. मान खाली घालून काम करतात.” इथेच थांबला असता तर बरं, पण जिभेला कुठे हाड असतं! “मागे होते दोन-चार टगे. हाकलले त्यांना कंपनीने.”

मॅडमनी लिहून घेतलं.

औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर साहेबाला चहाची तल्लफ आली. टपरी गोरक्षची. नईम गाडी पुढे काढणार होता, पण साहेबाने बोट दाखवलं आणि इलाज उरला नाही.

“या या, नईमभाई!”

उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत गोरक्षने चहाचे पेले धरून आणले. पाहुणे कोण, कशाला आलेत, याची त्याला काय कल्पना!

“मॅडम, तुमचा डायवर लय मोठा माणूस हाय. मशीनमधी माझी बोटं गेली, कंपनी म्हने चूक तुझीच. ह्यानं संप केला माझ्यापायी. सत्तेचाळीस दिवस गेटावर बसला. नोकरी गेली, पन हटला नाय!”

धरणीने पोटात घ्यावं, असं नईमला झालं. चहाचा घोट तोंडातच राहिला.

वेदिकामॅडमनी एकदा गोरक्षच्या हाताकडे पाहिलं, एकदा नईमकडे.

“हो,” त्या सावकाश म्हणाल्या, “काका मघाशी तुमच्याबद्दलच सांगत होते.”

गोरक्षचा चेहरा उजळला.

“खरंच? माझी आठवन काढली?”

नईमने मान खाली घातली. गोरक्षला तो होकारच वाटला. त्याने घाईघाईने किटली उचलली आणि नईमचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.