शिक्क्यासाठी अडलेली पिल्लं

परदेशी मालाच्या सगळ्या परवानग्या आता एकाच स्क्रीनवर मिळणार म्हटल्यावर कस्टममधून लोकांचा माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंट काकूंना हायसं वाटलं होतं.

आज विमानाने आलेल्या कोंबडीच्या पिल्लांना सकाळीच स्क्रीनवर मंजुरी मिळाली. तरी कस्टमचे साहेब म्हणाले, "कागदावर शिक्के आणा."

"अहो, कागद बंद झालेत ना?"

"आम्हाला तसा आदेश नाही."

काकूंनी दुपारपर्यंत चार खिडक्यांवर खेटे घातले. परत येऊन पाहतात तो गोदामातल्या उकाड्याने पिल्लांनी माना टाकलेल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक खोका उचलून त्यांनी थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"मारा आता शिक्का, यांच्या मढ्यावर!"

साहेबांनी शिक्क्यांशिवायच माल सोडला. निम्मीच पिल्लं वाचली.

"चहा घ्या, काकू," साहेब म्हणाले. काकूंनी वळूनही पाहिलं नाही.