पाळण्यावरची कोरी जागा

मी एक रिकामी रांग बोलतेय. माझ्यात एकही अक्षर नाही, तरी मी अक्षरांचीच आहे.

माझा जन्म शहाऐंशी साली झाला, सीताबर्डीजवळच्या एका प्रसूतिगृहात. तिथे नवा कॉम्प्युटर आला होता. त्याच्या भाषेचं नाव एपीएल. तिच्यात आकडे आणि अक्षरं रांगा करूनच वावरतात. तिथली कारकून प्रेमलता ती भाषा शिकून आली होती. तिने दोन अवतरणचिन्हं शेजारी शेजारी टाइप केली, मध्ये काहीच नाही, आणि झाले मी तयार!

मला एक जुळी बहीण आहे, आकड्यांची रिकामी रांग. पडद्यावर आम्ही दोघी सारख्याच, कोऱ्या. फरक कळतो तो ताणल्यावर. मला चार जागांपर्यंत ताणा, मी चार मोकळ्या जागा देते. तिला ताणा, ती चार शून्यं मांडते.

प्रेमलता पाळण्याला अडकवायची कार्डं छापायची. बारशापर्यंत बाळाला नाव नसतं, म्हणून नावाची जागा कोरी हवी होती. पण रिकामं ते रिकामंच, असं समजून घाईत तिने माझ्या जागी बहिणीला चार जागांपर्यंत ताणून बसवलं.

पहिलंच कार्ड लागलं रामटेकच्या रंभाबाईंच्या नातीला. त्यांनी ते नातेवाइकाकडून वाचून घेतलं आणि तरातरा प्रेमलताकडे आल्या.

"काहून वं बाई, बारशाच्या आधीच नाव ठेवून मोकळ्या झाल्या तुम्ही? अन् ठेवलं तं काय, शून्य शून्य शून्य शून्य! माही नात काय झिरो माइलचा दगड हाय?"

डॉक्टर शोभाताईंनी कार्ड पाहिलं नि कपाळाला हात लावला. "प्रेमलता, यांना सुटी द्यायच्या आत हे नीट झालं नाही, तर मशीन परत. हातानेच लिहू आपण."

प्रेमलताचा चेहरा उतरला. किती विनवण्या करून तिने ते मशीन आणवलं होतं! मग तिने आम्हा दोघींना पडद्यावर ताणून पाहिलं, आणि हसून म्हणाली, "ताई, या दोन रिकाम्या रांगांत फरक आहे!"

"रिकाम्यात कसला आलाय फरक?" शोभाताईंनी विचारलं.

"ताई, दुधाचा गंज रिकामा झाला म्हणून आपण त्यात वरण शिजवतो का?"

"शिजवून तं पाहा," रंभाबाई मधेच म्हणाल्या, "सासू उभं ठेवते का घरात!"

शोभाताईंनाही हसू आवरेना.

नावाच्या जागी मी आले. बहिणीलाही तिचं घर मिळालं, लसींच्या रकान्यात. अजून एकही लस टोचलेली नव्हती, तेव्हा तिथे शून्यच खरं. नव्या कार्डाच्या कोऱ्या जागेवरून रंभाबाईंनी हळूच बोट फिरवलं.

"हं, आता माह्या नातीले जागा झाली."

मशीन राहिलं. बारसं झाल्यावर रंभाबाई डबाभर घुगऱ्या घेऊन आल्या. कार्डही आणलं होतं. माझ्या जागेत आत्याने कुंकवाने लिहिलं होतं, 'गोपिका'. "मशीनले पण देजो वं," म्हणत त्यांनी चार दाणे त्याच्यापुढे ठेवले.

आता त्या मशीनवर भरतकामाचा रुमाल असतो आणि मी अजून रोज कोणाच्या तरी पाळण्यावर जाते. कोणी नाव लिहिलं की मी संपते, आणि त्यातच मला आनंद आहे. एवढंच मागते, कोरी जागा दिसली तर तिला लगेच शून्य म्हणू नका. तिथे कोण यायचं आहे, ते आधी विचारा.