काचेच्या पेट्यांवरचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. मात्र माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही आणि उभं राहायला पायही नाहीत. मी आहे एक छोटासा प्रोग्रॅम. एका रुग्णालयात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांची खोली आहे. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये तळहाताएवढी बाळं झोपलेली असतात. त्या खोलीच्या कोपऱ्यात एक संगणक आहे. त्याच्या पोटात माझा मुक्काम.

मला घडवलं एका ताईने. रुग्णालयातल्या संगणकांची देखभाल तिच्याकडे होती. एकदा कुणीतरी एक सेटिंग बदललं आणि सगळं काम अडलं. "मी नाही हात लावला," असं एकजात सगळे म्हणाले. ताईने डोक्याला हात लावला. "माणसं विसरणारच," ती म्हणाली, "न विसरणारा कुणीतरी हवा." मग कित्येक दिवस खपून तिने मला लिहिलं. माझं काम साधं होतं. संगणकातल्या प्रत्येक फाइलचा मी एक ठसा घेऊन ठेवायचो, जसा तुमच्या बोटाचा ठसा असतो ना, तसाच. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला, तरी ठसा बदलतो. तो बदलला की मी हाक मारायची. चांगलं काय नि वाईट काय, हे ठरवणं माझं काम नव्हतं. काय बदललं, एवढंच सांगायचं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "काय डोळ्यांत तेल घालून बसतो हो हा!" असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या खोलीच्या मुख्य परिचारिका. त्यांच्या शब्दाबाहेर तिथली माशीसुद्धा जात नसे.

पण मित्रांनो, कौतुकाने मी शेफारलो. पडद्यावरचं चित्र बदललं, मी ओरडलो. घड्याळाची वेळ कुणी नीट केली, मी ओरडलो. छपाईयंत्राचा कागद आडव्याचा उभा केला, तरी माझा कंठशोष चालूच. तेवढ्यात ताईला दुसरीकडे नोकरी लागली आणि तिच्या जागी वायरवाले दादा आले. पूर्वी ते इमारतीत वायरी ओढण्याचं काम करायचे, म्हणून नाव तेच चिकटलं. पहिल्याच आठवड्यात ते वैतागले.

"या बाबाला उचकी लागलीय की काय?" असं म्हणून त्यांनी माझा आवाज बंद केला. माझे निरोप एका कोपऱ्यात जाऊन पडू लागले. तिथे चिटपाखरूही फिरकत नसे. मी मात्र सांगत राहिलो. आवाज गेला म्हणून पहारा कसा सोडायचा? पण वाईट वाटायचं. आपण आहोत की नाही, हेही कुणाला आठवत नाही, असं वाटायचं.

असे बरेच महिने गेले. मग एके दिवशी बाळांच्या पायाला बांधायच्या पट्ट्या भलत्याच बारीक अक्षरांत छापून येऊ लागल्या. दादांनी यंत्र उघडलं, शाई बदलली, वायरी तपासल्या. घामाघूम झाले. शेवटी सहज म्हणून त्यांनी माझा कोपरा उघडला. तिथे मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, की छपाईच्या फाइलमध्ये अक्षरांचा आकार बदलला आहे.

"अरे लेका, तू सकाळीच सांगितलं होतंस की!" दादा कपाळावर हात मारून हसायलाच लागले.

मोठ्या सिस्टर पाठीमागे उभ्या होत्या. "मग दादा, तुम्ही ऐकायला शिका," त्या म्हणाल्या, "आणि त्याला जरा कमी बोलायला शिकवा. म्हणजे तुमचा संसार सुखाचा होईल."

दादांनी ते मनावर घेतलं. ते रोज थोडा वेळ माझ्यापाशी बसू लागले. चित्रं, घड्याळ, कागद अशा किरकोळ गोष्टी माझ्या पहाऱ्यातून काढल्या. जीवनमरणाशी ज्यांचा संबंध, अशा फाइली ठेवल्या आणि त्यांची एकेक जुनी प्रत माझ्याकडे जपायला दिली. मग माझा आवाज पुन्हा सुरू केला. मीही बोलणं आवरलं.

आणि मग ती दुपार आली.

बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या खोलीत घंटा वाजते. किती कमी झाल्यावर वाजवायची, ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या दुपारी संगणकात घंटेच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आपोआप बसली आणि तिने गुपचूप ती फाइल बदलली. बाळांसाठी ठरवलेले आकडे गेले, दुसरेच, फार खालचे आले. पडद्यावर सगळं जसंच्या तसं दिसत होतं. मी जिवाच्या आकांताने हाक मारली.

दादा डबा खात होते. हातातला घास तसाच ठेवून ते धावत आले. निरोप वाचून त्यांनी विचारलं, "सिस्टर, एवढ्यात घंटा वाजली का हो?"

"छे! मघापासून एकदाही नाही. आज बाळं भलतीच शहाणी झालीत."

दादांचा चेहरा उतरला. "बाळं नाही शहाणी झाली, सिस्टर. घंटाच मुकी झालीय."

सिस्टरांनी क्षणही दवडला नाही. "तुम्ही संगणक बघा. पोरींनो, प्रत्येक पेटीजवळ एकेक जण उभी राहा. पडद्याकडे नाही, बाळाकडे बघायचं!"

खिडकीजवळच्या पेटीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा होता. बाई पेटीच्या गोल छिद्रातून हात घालून त्याला थोपटत होत्या. त्या एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, हा निळसर दिसतोय का हो? का मलाच तसं वाटतंय?"

वेळेआधी आलेली बाळं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. सिस्टर दोन ढांगांत तिथे पोहोचल्या. त्यांनी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली, पाठ चोळली. "ए सोन्या, श्वास घे बघू. असं विसरून कसं चालेल?"

बाळ हललं नाही. आईचा हात पेटीतच गोठला. इकडे दादांची बोटं भराभर चालत होती. माझ्याकडची जुनी प्रत काढून ते ती जागेवर बसवत होते. सिस्टरांनी पुन्हा टिचकी मारली, या वेळी जरा जोरात. बाळाने तोंड वाकडं केलं, छाती वर उचलली आणि मांजराच्या पिलासारखा बारीकसा टाहो फोडला.

त्याच सुमाराला दादांचं काम झालं आणि घंटा खणखणली. बाळाचा आकडा अजून पुरता वर आला नव्हता ना! एरवी त्या आवाजाला सगळे कंटाळायचे. त्या दिवशी मात्र सगळ्यांना हसू फुटलं, रडताना फुटतं तसं.

"हे का वाजतंय?" आईने घाबरून विचारलं.

"वाजू द्या हो," सिस्टर स्टुलावर टेकत म्हणाल्या. "वाजतंय, तेच बरं." आणि पदराला हात पुसावेत तशा त्या उगाचच आपल्या कोटाला हात पुसत राहिल्या.

बाळाचा रंग गुलाबी झाला. घंटा आपसूक थांबली. मलाही इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या आसपासही कुणीतरी सारखं काहीबाही सांगत असेल; एखादं यंत्र, एखादं माणूस. ते फार बोलतं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. घटकाभर त्याच्यापाशी बसा. कुठलं ऐकायचं नि कुठलं सोडायचं, ते दोघं मिळून ठरवा. आमची निगा म्हणजे तरी दुसरं काय असतं?

काही आठवड्यांनी माझ्या पहाऱ्यातल्या पेट्यांच्या यादीत एक नोंद बदलली. मी लगेच सांगितलं: खिडकीजवळची पेटी रिकामी. दादांनी निरोप वाचला आणि दाराकडे पाहिलं. शिवणकाम करणाऱ्या बाई स्वतः शिवलेल्या दुपट्यात बाळाला गुंडाळून निघाल्या होत्या. त्यांची जाऊ दार धरून उभी होती आणि "अगं, तोंडावर वारा लागू देऊ नकोस," असं बजावत होती.

"बरोबर आहे रे," दादा मला म्हणाले, "हा बदल आम्हीच केलाय." आणि त्यांनी 'मान्य' हे बटण दाबलं.