मैनेचा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुना सांगाडा आहे. दचकू नका, तारेचा! अंबडच्या चांदपाशा टांगेवाल्यांच्या घरी सिमेंटची हातभर घोडी आहे ना, तिच्या पोटात मी गेली सहा वर्षं उभा आहे. लोक घोडीला वाहवा म्हणतात. आतल्या हाडांना कोण विचारतो?

मला घडवलं चित्रकलेच्या भिवा मास्तरांनी. सहा वर्षांपूर्वी, १९७३ साली, आपल्या टांग्याच्या घोडीविषयी चांदपाशा त्यांना म्हणाले, "मास्तर, मैना थकून राह्यली. फोटू बी न्हाई तिचा. काही निशाणी करा की."

मास्तरांनी सुतळीनं मैनेची मापं घेतली. सुतळी दोनदा दुमडली की झालं चौथाई माप! आधी कागदावर हाडं आखली, मग पकडीनं जाड तार वाकवून पाठ, मान, पाय केले. डावा मागचा पाय तेवढा मापात आखूड भरला. "माझाच हात चुकला," म्हणत मास्तरांनी तोही दुसऱ्याएवढा केला. फळीवर मी कसा ताठ उभा राहिलो! फुगलोच मी.

तेवढ्यात मैना गेली. आठवड्यानं चांदपाशा आणि त्यांची बायको खुर्शीद मला बघायला आले. चांदपाशा माझ्याभोवती दोनदा फिरले.

"समदं बराबर हाय, मास्तर. पर ही माझी मैना न्हाई."

मास्तरांचं तोंड उतरलं. आता माप घ्यायला घोडी कुठून आणायची? मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुर्शीद वाकून बघत म्हणाली, "मैना कवा अशी ताठ उभी राह्यल्ती? टांगा थांबला की डावा मागला पाय ढिला सोडायची. खुराच्या टोकावर."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. माप बरोबरच होतं, मापं घेतानाही तिनं तो पाय ढिलाच सोडला होता! लगेच पक्कड घेऊन त्यांनी माझा कंबरेचा भाग खाली केला, पाय मुडपला. दुखलं हो, खोटं कशाला बोलू!

चांदपाशा मटकन खाली बसले. "आली गं माझी बाई," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मग माझ्यावर गोणपाट चढलं, सिमेंट चढलं.

आता खुराजवळचा टवका उडालाय आणि माझी तार गंजतेय. परवा एक पाहुणे म्हणाले, "लंगडी वाटते, पाय सरळ करून घ्या." अहो, मग मैना कुठं उरली?

मित्रांनो, माझा गंज पुसा, टवका बुजवा, उपकार होतील. पण कुणाचंही काही नीट करायला जाल, तेव्हा आधी त्याला दाणापाणी घालणाऱ्याला विचारा.