मिसेस थर्लोंचं मत

"मिसेस थर्लो, त्या दिवशी मी—"

ग्लेनिस इथपर्यंत आधीही येऊन गेली होती. एकदा त्यांच्या दारात, एकदा त्यांच्या पलंगाशी उशी झटकताना. पुढचे शब्द ओठांवर यायचे आणि म्हाताऱ्या बाई विचारायच्या, "दूध आणलंस का गं?" दूध आणलेलं असायचं. मग बोलणं दुधावर जायचं, दुधावरून मांजराकडे, आणि ग्लेनिस हलकी होऊन घरी यायची. जिना चढेपर्यंत पुन्हा जड.

तर आधी काय झालं ते.

*

नेव्हिल हॅक्स्बी, म्हणजे ग्लेनिसचा नवरा, निवडून यायला उभा राहिलाच नव्हता. पक्षाला ऑल्डरविक गावाच्या प्रत्येक वॉर्डात आपलं एक नाव हवं होतं, आणि बेक लेनच्या वॉर्डात कुणी तयार होईना. अशा वेळी कुणातरी गरीब माणसाला उभं करतात. त्याला कागदी उमेदवार म्हणतात. त्याने दारं वाजवायची नाहीत, काही बोलायचं नाही, नुसतं मतपत्रिकेवर असायचं. नेव्हिलने आयुष्यभर लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त केली होती आणि कुणालाही नाही म्हणणं त्याला जमलेलं नव्हतं.

"भाषण करावं लागेल का?" त्याने पक्षाच्या चिटणीसबाईंना विचारलं होतं.

"नको रे बाबा. तू घरी बस. आम्हाला फक्त तुझं नाव हवंय."

समोर डेस्मंड राउथ. कुठल्याही पक्षाचा नाही, कोटाला पक्षाची फीत नाही, कितीतरी वर्षं नगरसेवक. ओढ्याला पूर आला तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने मिसेस थर्लोंच्या दाराशी वाळूची पोती रचली होती. पोहण्याचा तलाव बंद होणार होता, तो त्याने सभागृहात भांडून चालू ठेवला होता. त्याला हरवायचा विचार बेक लेनमध्ये कुणाच्या मनाला शिवला नव्हता. नेव्हिलच्याही नाही. नेव्हिलने स्वतःचं मत डेस्मंडलाच दिलं.

"स्वतःलाच काय मत द्यायचं," तो म्हणाला. "बरं दिसत नाही."

*

बरं दिसणं. इथे थांबायला हवं, कारण सगळं त्याच्यापायी झालं.

गेल्या खेपेला याच वॉर्डातल्या कागदी उमेदवाराला नऊ मतं पडली होती. तेव्हापासून पबमध्ये त्या माणसाला सगळे 'नऊ' म्हणतात. "नऊ, तुझी पाळी, दारू आण." "नऊची बायको कशी आहे?" तो हसतो. तो हसतो तेव्हा त्याच्या बायकोकडे बघवत नाही, आणि ग्लेनिस एकदा त्या बायकोच्या शेजारीच बसली होती.

*

मिसेस थर्लोंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आपल्या बदली ग्लेनिसने मत द्यावं, असं त्यांनी रीतसर लिहून दिलं होतं.

"डेस्मंडला हं, पोरी. तुझा नवरा भला माणूस आहे, पण त्याला यंत्रंच बरी."

"मीही त्याला तेच सांगते," ग्लेनिस म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

मेथडिस्ट पंथाच्या हॉलमध्ये मतदान होतं; त्याच्या फाटकाला नेहमीसारखी कुत्री बांधलेली होती. मालक आत मत देत होते आणि कुत्री एकमेकांना हुंगत होती. ग्लेनिसला दोन मतपत्रिका मिळाल्या. एक तिची. एक मिसेस थर्लोंची.

तिच्या मतपत्रिकेवर तिने नेव्हिलसमोर फुली मारली. बायको होती, एवढं चालतं.

दुसरी मतपत्रिका. दोरीला बांधलेली पेन्सिल. डेस्मंड राउथचं नाव वर, नेव्हिलचं खाली. पेन्सिल वरच्या चौकोनावर—

आणि तिला 'नऊ' आठवला. डेस्मंडला मतांचा काय तोटा, असं तिच्या मनात आलं. या एका मताने त्याचं काय जाणार. नेव्हिलला मात्र—

पेन्सिल खाली आली. फुली झाली. एवढ्याशा वेळात होतं ते.

बाहेर एक कुत्रं तिचा हात चाटायला आलं. तिने हात मागे घेतला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडागृहात मोजणी झाली. बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडली होती. बेक लेनची मतं मोजली, आणि मोजणाऱ्या मुलीने मान वर करून अधिकाऱ्यांना बोलावलं. पुन्हा मोजली. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला.

दोघांची मतं सारखी होती.

कायदा अशा वेळी चिठ्ठी काढायला सांगतो. दोन सारखी पाकिटं, एक रिकामं खोकं.

"नेव्हिल, तू उंच आहेस," डेस्मंड म्हणाला, "आत डोकावू नकोस हं." सगळे हसले. नेव्हिलही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता. दूर भिंतीशी ग्लेनिस उभी होती आणि मनात एकच घोकत होती: डेस्मंड, डेस्मंड, डेस्मंड.

अधिकाऱ्यांनी पाकीट फोडलं. "नेव्हिल हॅक्स्बी."

टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे कुणालाच कळेना. नेव्हिल डेस्मंडकडे वळला आणि म्हणाला, "माफ कर." निवडून आलेल्या माणसाचं भाषण म्हणून एवढंच.

*

मग गावात, आठवडाभर:

खाटकाच्या दुकानात: "मीही दिलं एक तुझ्या नेव्हिलला. म्हटलं, बिचारा."

टपालघरात: "आमच्या घरातून दोन गेली. अगं, डेस्मंड काय, येणारच होता."

चर्चच्या पायरीवर, दबक्या आवाजात: "सगळ्यांनाच दया आली की काय एकदम?"

'नऊ'ने पबमध्ये नेव्हिलच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या वेळेला कुठे गेला होता रे हा सगळा जिव्हाळा?"

आणि सगळे हसत होते. त्यांना हसता येत होतं. त्यांनी मूर्खपणा केला असेल, पण आपापल्या मताचा. ग्लेनिसही त्यांच्यात हसली. घरी आल्यावर तिने नळ सोडला आणि भांडी नसतानाही बराच वेळ हात पाण्याखाली धरून उभी राहिली. एक मत खालून वर गेलं असतं, तर खोकं नाही, पाकीट नाही, काही नाही. डेस्मंड निवडून आला असता.

नेव्हिल मागून म्हणाला, "तलावाचे कागद आलेत. मला त्यातलं काही समजत नाही गं. डेस्मंडला विचारू का?"

"विचार," ती म्हणाली.

*

"मिसेस थर्लो, त्या दिवशी मी आत गेले तेव्हा—"

या खेपेला ती हे दारातूनच बोलत आत शिरली, म्हणजे दुधाला मधे यायला जागा उरू नये. पण पलंगाशेजारी डेस्मंड बसला होता. त्याने आपल्या बागेतली आंबट देठांची रुबार्ब आणली होती आणि तो तिची पानं खुडत होता.

"ये, ये," तो म्हणाला. "नगरसेवकांच्या सौभाग्यवती."

"चिडवू नकोस तिला," मिसेस थर्लो म्हणाल्या. "तिचा काय दोष? नशीब. माझं मत तिनेच नेऊन टाकलं तुझ्यासाठी, आपलं काम सोडून."

"माहीत आहे. म्हणून तर आलो." डेस्मंड ग्लेनिसकडे बघून हसला, अगदी मनापासून. "थँक यू, ग्लेनिस. नवरा समोर उभा असताना दुसऱ्याची फुली मारायची म्हणजे सोपं नाही."

ग्लेनिसने रुबार्बचे देठ त्याच्या हातातून घेतले. धुवायला म्हणून. मोरीशी ती पाठमोरी उभी राहिली आणि तेच देठ पुन्हा पुन्हा धूत राहिली. तो गेला.

*

"हे बघ," मिसेस थर्लो म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतो, आता जिना विसरा. तेव्हा मी काय म्हणते, हे बदली मत कायमचंच तुझ्या नावावर करून टाकू. दर वेळी कुठे लिहीत बसायचं? सही करून ठेवलीय मी. तू फक्त खाली तुझं नाव लिही."

त्यांनी पेन पुढे केलं.

ग्लेनिसने ते घेतलं नाही.

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा, मिसेस थर्लो."

"का गं? वेळ नाही?"

"वेळ आहे."

"मग?"

ग्लेनिसने मान वळवली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. ती पडली, त्याने पुन्हा टेकवली. मिसेस थर्लोंचा हात पेनासकट तसाच पुढे होता. हळूहळू तो खाली आला आणि गोधडीवर टेकला.

त्या बराच वेळ ग्लेनिसच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पोरांची शाळा चालवलेल्या बाई होत्या त्या. चूक लपवून उभ्या असलेल्या पोराकडे कसं बघायचं, हे त्यांना माहीत होतं.

"एकच होतं माझं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या पलीकडच्या सटनबाईला पाठवून दे माझ्याकडे, या कागदावर नाव लिहायला. दुपारी चालेल."

"पाठवते."

ग्लेनिसने दुधाची बाटली टेबलावर ठेवली. मिसेस थर्लोंनी तोंड भिंतीकडे केलं. झोपल्या नव्हत्या त्या. ग्लेनिस दार ओढून घेऊन सटनबाईंच्या घराकडे निघाली.