एका माणसाला एकच पाकीट

यज्ञेश्वर सरांच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असे. "आमच्या हिचंच पाहा," असं म्हणून ते थांबत, आणि सगळा मांडव मान वळवून गोदूताईंकडे बघे. "साठी उलटली. आजतागायत साधं डोकंसुद्धा दुखलेलं नाही. का? तर आमच्या घरात गोळी नाही!" टाळ्या पडत. गोदूताई पदर सावरून हसत. त्या सावरलेल्या पदराच्या टोकाला, गाठीत, दुखण्याच्या दोन गोळ्या बांधलेल्या असत.

काशीदच्या अलीकडे, रस्ता सोडून समुद्राच्या अंगाला वळलं की सरांची नारळी-पोफळीची वाडी लागते. याच वाडीत, पाण्याच्या पाटाच्या कडेला, सुपारीचं टोपलं घेऊन येताना गोदूताईंचा पाय सटकला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून कंबरेच्या डाव्या बाजूला एक कळ मुक्कामाला आली. ती खुब्यातून निघायची आणि पोटरीपर्यंत जाऊन परत यायची, आपल्या घरात फिरावं तशी. पहिल्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. सर तेव्हा हेडमास्तर होते. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "चालत जा रोज. मोकळं होईल." गोदूताई चालल्या. मोकळं काही झालं नाही. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि गोळी धरली.

पुढे सर रिटायर झाले. ज्या माणसाने तीस वर्षं घंटा वाजवून माणसं रांगेत उभी केली, त्याला घरात बसवत नाही. त्यात मुलाने, सलिलने, नेरूळला बसल्या बसल्या फोनवरून घराचं होमस्टे करून टाकलं. शनिवार-रविवारी पाहुणे येऊ लागले. "कोकणी घरगुती जेवण, आईच्या हातचं" असं त्याने लिहिलं होतं. आईच्या पायाबद्दल त्यात काही नव्हतं. गोदूताई पहाटे उठून गोळी घेत, चहाबरोबर बिस्कीट खात, कारण रिकाम्या पोटी घेतली की छातीत आग व्हायची, आणि मग घावने, मोदक, सोलकढी असं दुपारपर्यंत ओट्याशी उभ्या राहत. पाहुणे म्हणत, "काकू, तुमची एनर्जी काय आहे हो!" सर बाहेरून म्हणत, "गोळी नाही ना घरात."

गोळ्या मिळायच्या नाक्यावरच्या हर्षदच्या दुकानात. हर्षद सरांचाच विद्यार्थी. सरांनी त्याचा कान इतक्या वेळा पिळला होता की त्याला सरांची भीती अजून होती, आणि काकूंबद्दल माया होती, कारण शाळेत डबा नसला की काकू जेवायला घालायच्या. "काकू, देवाचं सामान आलंय," असा तो निरोप पाठवी. कापूर, वाती, उदबत्तीचा पुडा आणि मध्ये कागदात गुंडाळलेली चार पाकिटं. देवाच्या कृपेने सगळं सुरळीत चाललं होतं.

मग सरांना कुणीतरी फोनवर एक लेख पाठवला. गोळ्यांनी मूत्रपिंडं कशी निकामी होतात, असा. लेखात तथ्य होतं, ते नाकारून चालणार नाही. पण सरांच्या हाती तथ्य लागलं की त्याचा उपक्रम होतो. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, 'गोळीमुक्त गाव' समिती निघाली, सर अध्यक्ष झाले आणि नियम ठरले. दुखण्याची गोळी एका माणसाला आठवड्याला एकच पाकीट. ज्याचं दुखणं त्याने स्वतः यायचं. आणि नेमकं कुठे दुखतं, ते दुकानात उभं राहून सांगायचं.

"ज्याला कुठे दुखतं ते सांगता येत नाही," सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "त्याला दुखतच नाही!"

सरकारचा असा काही कायदा नव्हता. पण हर्षदच्या कानाला जुनी आठवण होती. त्याने पाटी लावली.

नियम चालू झाला आणि गावाची करमणूक सुरू झाली. हर्षदचा आवाज मुळातच नाक्यावरून देवळापर्यंत जाणारा. "कुठं दुखतं?" असं त्याने विचारलं की बसथांब्यावरची माणसं कान टवकारत. सुपारी सोलायला गोदूताईंकडे येणारी काशी पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहिली. हर्षदने विचारलं तशी ती म्हणाली, "कुठं दुखत न्हाय ते इचार बाबा, लवकर हुईल."

गोदूताईंची मात्र वाट बंद झाली. देवाचं सामान येईनासं झालं. "काकू, सरांना कळलं तर माझं दुकान बंद करतील," हर्षद रडवेला होऊन म्हणाला. आणि दुकानात जाऊन, अध्यक्षांच्या बायकोने, सगळ्या नाक्यादेखत, "कंबर आणि डावा खुबा" म्हणायचं कसं? 'साधं डोकंसुद्धा दुखलेलं नाही' या वाक्यावर तर सगळी मोहीम उभी होती. पण खरं सांगायचं तर त्यांना नवऱ्याच्या अब्रूइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची धास्ती होती. आपण सांगावं आणि त्याने पुन्हा वर्तमानपत्रातून डोकं न काढता "चालत जा" म्हणावं, हे आता त्यांना सोसलं नसतं.

कळ मात्र अब्रू जाणत नव्हती. एका रविवारी पाहुण्यांची पानं वाढून झाल्यावर गोदूताईंनी फ्रिजला कपाळ टेकलं आणि तशाच उभ्या उभ्या रडल्या. मग डोळे पुसून ताक घुसळायला घेतलं. त्याच रात्री त्यांना भिशी सुचली.

बायकांची भिशी गावात होतीच. सुचिता ती चालवी. पोस्टातली नोकरी सोडली तरी तिचा काटेकोरपणा सुटला नव्हता. दर महिन्याला सगळ्या जमायच्या, चिठ्ठी निघायची, जिचं नाव निघेल तिला सगळं मिळायचं. गोदूताई सहज सुचल्यासारखं दाखवून म्हणाल्या, "हल्ली गोळी मिळत नाही गं वेळेला. प्रत्येकीने आपल्या वाट्याचं एक पाकीट आणलं तर? घरात असलेली बरी. मी पडले अध्यक्षांची बायको, मी पाकिटाऐवजी सुपारी देईन."

त्यांचा हिशेब साधा होता. बाकीच्या धडधाकट. उत्साह ओसरेल, पाकिटं नकोशी होतील, आणि सगळं बोचकं हळूच आपल्याकडे येईल. पण भिशी म्हटल्यावर कोकणातली बाई आपला नंबर सोडते, असं कुणी पाहिलंय? ज्यांना आयुष्यात शिंकेपलीकडे काही झालं नव्हतं, त्याही हर्षदकडे जाऊन "मान हो, मान" म्हणत एकेक पाकीट आणू लागल्या. मग पहिली चिठ्ठी काशीची निघाली, पुढची आणखी कुणाची. गोदूताई सुचिताला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझा नंबर जरा अलीकडे घेतेस का?"

"गोदूताई, तुम्हाला कशाला घाई?" सुचिता हसली. "तुमचं कधी डोकंसुद्धा दुखत नाही!"

गोदूताईही हसल्या.

बघता बघता गावात गोळ्यांचा सुकाळ झाला. ज्या घरात पूर्वी आल्याचा काढा असायचा, तिथे आता बरण्या भरल्या. सुट्टे नसले की भाजीवाली गोळी देऊ लागली. सुचिताचा नंबर लागला तेव्हा तिने तर कमालच केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या वाट्यांऐवजी एकेक पाकीट वाण म्हणून लुटलं. गोदूताईंच्याही ओटीत एक पडलं. त्यावर कुंकवाच्या बोटाचा ठसा होता. एवढ्या महिन्यांत त्यांना मिळालेलं ते एकुलतं एक. अर्धी अर्धी करून त्यांनी त्यातल्या गोळ्या पुरवल्या, आणि ज्या दिवशी नसे त्या दिवशी दात आवळून घावने घातले.

हर्षदची विक्री तिप्पट झाली. तो घाबरत घाबरत ते सरांना सांगायला आला, तर सर खूश! "बघ! गावात एवढ्या माणसांना दुखत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. नियमामुळे उघडकीस आलं." आणि त्यांनी मोहिमेच्या वर्षपूर्तीचा सोहळा जाहीर केला. आदर्श निरोगी गृहिणी म्हणून सत्कार कुणाचा, हे विचारायचं कारणच नव्हतं.

योगायोग असा की त्याच महिन्यात गोदूताईंचा नंबर लागला. सोहळ्यामुळे भिशी वेगळी भरायची नाही, सगळ्यांनी पाकिटं पर्समध्ये घालून मांडवातच आणायची आणि कार्यक्रम संपल्यावर गोदूताईंना द्यायची, असं सुचिताने ठरवलं. गोदूताईंनी ते ऐकलं आणि त्यांना सत्काराचा पहिल्यांदाच आनंद झाला. आता एवढी एक दुपार काढली की झालं.

पण स्टेजवर खुर्च्या नव्हत्या. सरांचा आग्रह. "खुर्चीनेच गुडघे बिघडले समाजाचे!" गाद्या, तक्के, भारतीय बैठक. सकाळपासून पाहुण्यांसाठी मोदक वळून आलेल्या गोदूताईंनी ती गादी पाहिली आणि काशीला जवळ बोलावलं. काशीच्या खांद्याचा आधार घेऊन त्या कशाबशा टेकल्या. भाषणं झाली. सरांचं तर लांबलंच. ठरलेलं वाक्य आलं, माना वळल्या, टाळ्या पडल्या. "आणि आता," सर शाल उलगडत म्हणाले, "सौभाग्यवतींनी उभं राहावं."

गोदूताईंनी हात टेकला. उठल्या नाहीत. दुसरा हात टेकला. खुब्यातून कळ निघाली आणि त्यांच्या तोंडातून "आई गं" निघालं. समोर माइक होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं.

"उठ की," सर हळू आवाजात म्हणाले. तेही माइकने ऐकवलं.

"नाही उठता येत," गोदूताई म्हणाल्या, आणि मग जे इतकी वर्षं तोंडाशी अडकलं होतं ते बाहेर पडलं. "दुखतंय मला. रोज दुखतं."

आणि मग पुढच्या रांगेतून एक पर्स उघडल्याचा आवाज आला. मग दुसरी. सुचिता उठली, तिच्यामागे सगळ्या बायका उठल्या आणि स्टेजकडे धावल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक पाकीट. "घ्या ताई," "ही घ्या," "पाणी आणा गं कुणीतरी!" 'गोळीमुक्त गाव' असं लिहिलेल्या पडद्याखाली, सत्काराच्या ताटात, नारळाभोवती पाकिटांचा ढीग लागला.

सर शाल धरून उभे होते. दुसरा एखादा त्या जागी खाली बसला असता, बायकोचा हात धरला असता. पण माणूस आयुष्यभर जे करतो तेच ऐन वेळी त्याच्या हातून होतं. "नियम म्हणजे नियम!" ते ओरडले, आणि ताटच्या ताट उचलून हर्षदच्या हातात दिलं. "सगळी परत घे."

काशी आणि सुचिताने गोदूताईंना रिक्षात घालून घरी आणलं. जाताना काशी दारातून सरांकडे बघत म्हणाली, "वैनी, उद्या मी येते. ह्यांच्या भरवशावर ऱ्हाऊ नका."

सकाळी गोदूताई उठल्याच नाहीत. उठायचा प्रयत्नही केला नाही. पाहुणे अंगणात खोळंबले. सरांनी चहा केला, तो उतू गेला. त्यांनी पाहुण्यांना काहीबाही सांगितलं, दोनदा खोलीच्या दारापर्यंत येऊन परत फिरले, आणि मग पायात चपला सरकवून बाहेर पडले. गोदूताई आढ्याकडे बघत पडून होत्या. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षाही त्या थकल्या होत्या.

बऱ्याच वेळाने चपलांचा आवाज आला. सर दारात उभे होते, रिकाम्या हातांनी.

"हर्षदने गोळी दिली नाही," ते म्हणाले.

गोदूताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणाला, ज्याचं दुखणं त्याने यायचं, तुमचाच नियम. मी म्हटलं, ती उठू शकत नाही. तर म्हणाला, बरं, मग काकूंना कुठं दुखतं ते तरी सांगा." सरांनी दाराची चौकट धरली. "मोठ्याने विचारतो गं तो. मागे रांग होती. मी आधी गुडघे म्हणालो, मग पाठ म्हणालो. काशी होती मागे. ती म्हणाली, ह्यांना द्यू नको, ह्यांना ठावं न्हाय. सगळे माझ्याकडे बघत होते. हर्षद म्हणाला, गोळीचं राहू द्या सर, काकूंना अलिबागला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. पण तिथेही हेच विचारतील."

बाहेर पाहुण्यांपैकी कुणीतरी "काकू, घावने?" अशी हाक मारली. सर वळले आणि ज्या आवाजाने ते शाळा गप्प करायचे त्या आवाजात म्हणाले, "आज स्वयंपाक नाही!"

मग ते आत आले. पलंगाजवळ जमिनीवर मांडी घालून बसायला वाकले, आणि गुडघा धरून अर्ध्यावरच थांबले. बायकोकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं गं?"

गोदूताईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"खुर्ची आणा," त्या म्हणाल्या. "वेळ लागणार आहे."